शंभर टक्के लंडन

सोमवार, ६ जानेवारी २०२५

बायकोनं, अनुजानं, ही डायरी नव्या वर्षाची म्हणून दिली. म्हणाली, दिवसभर जगाला बोलायला शिकवता आणि रात्री उरलेलं आम्हाला ऐकवता, आता जरा कागदाला ऐकवा. बरं म्हटलं. पण हिथं मी माझ्या भाषेत लिहिणार. क्लासमधलं, चारचौघातलं ते धुऊन इस्त्री केलेलं मराठी हिथं न्हाय. वाचणार कोण हाय?

पहिल्या पानावर नावगाव लिहायची रीत हाय म्हणून लिहितो. अमरसिंह, मुक्काम कसबा बावडा. राजारामपुरी आठव्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर माझा क्लास. इंग्रजी शिकवणारे कोल्हापुरात पैशाला पासरी, पण ॲक्सेंट शिकवणारा मी एकटा. पुण्यात कॉल सेंटरला आठ वर्षं फोनवर 'अँडी' होतो. अमेरिकेतल्या म्हाताऱ्या मला तिकडचाच समजून सुनांच्या तक्रारी सांगायच्या. माणसानं तोंड उघडलं की दोन वाक्यांत त्याचं गाव सांगतो. विचारावं लागत न्हाय. विचारणं हा माझ्या विद्येचा अपमान हाय.

आज एक भरमाप्पा म्हणून गृहस्थ आले, संगं पोरगी सुष्मिता. पोरगी नर्स हाय, हिथंच एका दवाखान्यात. इंग्रजीची परीक्षा पास झालीय, आता स्कॉटलंडच्या एका हॉस्पिटलची मुलाखत १२ फेब्रुवारीला व्हिडिओवर हाय. मागल्या वर्षी एका हॉस्पिटलनं 'बोलणं नीट कळत नाही' म्हणून परत पाठवलीती. आता पास झालेल्या परीक्षेची मुदत संपत आली. हे बी हुकलं तर सगळं पहिल्यापासून, आणि घरात तर असं ठरलंय की औंदा न्हाय झालं तर परदेश बास, लग्नाचं बघायचं. बाप हे सांगताना पोरगी खिडकीतून खाली रिक्षा बघत होती.

मी तिचं एकच वाक्य ऐकलं आणि सांगितलं, "तुम्ही संकेश्वरकडच्या."

"न्हाय सर. नूलच्या. गडहिंग्लज तालुका."

"एकच ते," म्हटलं. कानडी हेल म्हणजे संकेश्वर, त्यात काय एवढं.

भरमाप्पांनी विचारलं, होईल काय सर? बाकीचे पालक बी बसलेले. मी उभा राहिलो आणि सगळ्यांसमोर म्हणालो, "आपण निश्चिंत राहा. आपल्या कन्येची निवड झाली नाही, तर मी या क्लासचा बोर्ड स्वतःच्या हातानं उतरवीन." भरमाप्पांनी हात जोडले. रात्री अनुजाला सांगितलं तर तिनं कपाळावर हात मारला.

गुरुवार, ९ जानेवारी

नशीब लागतं ते असं! आमच्याच अपार्टमेंटात तिसऱ्या मजल्यावर एक गोरा राहायला आलाय. नाव ग्रॅहम. एका खाजगी दूध डेअरीनं म्हशी-गाईंच्या खुराकाचा सल्ला द्यायला आणलाय. तीन महिने मुक्काम. लिफ्टमधी गाठ पडली. "गुड मॉर्निंग" म्हणाला आणि मी ओळखलं. लंडन. शंभर टक्के लंडन. आणि साधं न्हाय, आतलं, जुन्या खानदानातलं.

मी बी माझ्या ठेवणीतल्या आवाजात "लव्हली मॉर्निंग" म्हटलं. तो जरा थांबून माझ्याकडं बघायला लागला. चाट पडला असणार.

रविवार, १२ जानेवारी

ठरलं. दर रविवारी ग्रॅहम साहेब आमच्या गच्चीवर तासभर सुष्मिताशी बोलणार. बदल्यात अनुजाच्या हातचा नाष्टा. खरा ब्रिटिश माणूस कानाला मिळतोय, अजून काय पायजे? पुण्याच्या क्लासवाल्यांना सांगितलं तर जळून खाक होतील.

आज पहिली बैठक. मी चहा आणायला खाली गेलतो तेवढ्यात दोघांचं चांगलं जमलं, वर आलो तर हसत होते. मी वही उघडून त्याचे उच्चार टिपत बसलो. बारकावे बघा! आपण 'पेन' म्हणतो, तो 'पिन' म्हणतो. 'टेन'चं 'टिन'. 'येस' न्हाय, 'यिस'. 'फिश' म्हणताना ओठ असे करतो की 'फश' ऐकू येतं. इतकी वर्षं आपण चुकीचं ब्रिटिश बोलत होतो.

नाताळ कसा झाला विचारलं तर म्हणाला, हॉटेलवर एकटाच होतो, घरी असतो तर समुद्रावर असतो, भर उन्हात, पोरं पाण्यात आणि आम्ही वाळूत मांस भाजत बसलेलो. मी म्हटलं व्हय व्हय. लंडनच्या खालच्या अंगाला एखादं गरम गाव असणार. श्रीमंत लोक थंडीत तिकडं जात असतील, आपले महाबळेश्वरला जातात त्याच्या उलट.

बुधवार, १५ जानेवारी

सगळ्या बॅचला नवे उच्चार लावले. पंचवीस पोरं एका सुरात "टिन, पिन, यिस, फश" म्हणत होती. खालच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर वर येऊन विचारून गेले, सगळं ठीक आहे ना.

सुष्मिता मातूर मागं पडतीय. एवढी हुशार पोरगी, पण उच्चार लावला की अर्थाकडचं ध्यान उडतं. 'बेड नंबर टेन'चं 'बिड नंबर टिन' करताना तिचं तोंड कडू औषध प्याल्यासारखं होतं. म्हणाली, "सर, असं बोलले तर पेशंटला कळंल काय?"

"त्यांना असंच कळतं," म्हटलं. "आपलं संकेश्वरी वळण आधी विसरा."

"नूल, सर."

बोलणं तोडायची सवय वाईट हाय तिची. मुलाखतीत नडेल.

मंगळवार, २१ जानेवारी

जेवताना अनुजाला लहर आली. फोनवर कुठले कुठले व्हिडिओ लावले आणि म्हणाली, ओळखा कुठला हाय. मी पटापटा सांगितलं. कॅनडा, लंडन, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, पुन्हा लंडन. तिनं खाली लिहिलेलं वाचून दाखवलं. आयर्लंड, दक्षिण आफ्रिका, कॅनडा, वेल्स आणि शेवटचा तर म्हणे केरळचा, परदेशात शिकलेला. एकबी जुळलं न्हाय. ह्या व्हिडिओंवर लोक वाटेल ती नावं टाकतात, कुणाचा धरबंध न्हाय. अनुजा भांडी घासताना बराच वेळ एकटीच हसत होती.

रविवार, २६ जानेवारी

झेंडावंदन करून आलो, तर ग्रॅहम साहेब आपल्या खोलीत जुनी रग्बीची मॅच लावून बसलेले. अंगात काळा टीशर्ट, छातीवर पांढरं पान. लंडनच्या एखाद्या जुन्या क्लबचा असणार. मॅचच्या आधी त्यांची टीम रांगेत उभी राहून मांड्या थोपटत, डोळे वटारत, जीभ बाहेर काढून ओरडत होती. मी तर उठून उभाच राहिलो. ब्रिटिश लोकांत बी शड्डू ठोकतात की! हे कुठल्या पुस्तकात दिलेलं न्हाय. उद्या क्लासमधी सांगतो, पोरं खूश होतील.

गच्चीवरच्या बैठकीत सुष्मिताला सांगितलं तर ती गालात हसत होती. काय झालं विचारलं तर "काय न्हाय सर" म्हणाली. ती आणि ग्रॅहम साहेब भरपूर बोलतात. त्याची आई आजारी असते, तिच्या औषधपाण्याचं सुष्मिता काय काय विचारत असते. पण बोलते आपल्याच वळणानं, जुन्या, आणि तो साहेब बी तिला दुरुस्त करत न्हाय. ब्रिटिश माणसं भिडस्त असतात.

आत कुठंतरी धाकधूक हाय, खोटं कशाला लिहू. पण अजून वेळ हाय.

शनिवार, ८ फेब्रुवारी

आज पुरता पचका झाला.

ग्रॅहमला आज जेवायला बोलवलंतं. सगळं छान चाललंतं. तांबडा रस्सा पिऊन त्याच्या नाकाडोळ्यातून पाणी वाहत होतं, तरी वाटी पुढं करत होता. तेवढ्यात अनुजानं भाकरी वाढता वाढता आपल्या तोडक्यामोडक्या इंग्रजीत सरळ विचारलं, तुमचं गाव कंचं?

मी तिला डोळ्यांनी दाबायला बघितलं. माझ्या घरात, माझ्यासमोर, गाव विचारतीय!

ग्रॅहम म्हणाला, "टिमारू."

मी म्हटलं, "अँड दॅट इज निअर लंडन."

त्यानं हातातला घास खाली ठेवला. न्हाय म्हणाला. न्यूझीलंड. दक्षिणेचं बेट. मग हसायला लागला. म्हणाला, जन्मभर जो भेटेल तो मला ऑस्ट्रेलियाचा म्हणतो, त्याचा मला लई राग येतो. पण लंडनचा म्हणणारा तूच पहिला भेटलास, ह्याचा राग मानायचा का काय ते कळंना झालंय. आईला फोन करून सांगतो म्हणाला.

अनुजा तोंडाला पदर लावून आत पळाली. मी पुन्हा रस्सा वाढला. दुसरं काय करणार होतो?

रविवार, ९ फेब्रुवारी

सकाळपासून नकाशा उघडून बसलोय. टिमारू पार खाली हाय, जग संपतं तिथं. लंडन कुठं, टिमारू कुठं. गाई, काळा टीशर्ट, उन्हातला नाताळ, शड्डू. सगळं तोंडासमोर होतं आणि मी वहीत टिपत बसलो. अख्खी बॅच न्यूझीलंडची करून ठेवली, राजारामपुरीत बसून.

सुष्मिताला आजची बैठक न्हाय म्हणून कळवलं. बुधवारी मुलाखत. तिला सांगायचं का न्हाय? सांगितलं तर पोरीचा धीर सुटंल. न सांगावं तर ती स्कॉटलंडच्या माणसापुढं 'बिड नंबर टिन' म्हणणार. भरमाप्पांचे जोडलेले हात डोळ्यांपुढनं हलंनात.

अनुजा म्हणाली, सांगून टाका की, तुमचा मानपान आणि तिचा जन्म, कुठलं जड हाय? तिला बोलायला काय जातं. पण आज झोप लागायची न्हाय एवढं खरं.

सोमवार, १० फेब्रुवारी

सांगितलं. क्लास सुटल्यावर तिला थांबवून घेतलं आणि म्हटलं, "सुष्मिता, एक तांत्रिक स्वरूपाची अडचण उद्भवली आहे. ग्रॅहम हे इंग्लंडचे नसून…"

"न्यूझीलंडचे. टिमारूचे. माहीत हाय सर."

"कधीपासून?"

"पहिल्या रविवारी. तुम्ही चहा आणायला गेलता तवा विचारलं मी. आमच्यात नवीन माणूस भेटलं की आधी गाव विचारतात."

माझं डोकंच सणकलं. एक महिना! एक महिना ही पोरगी मला 'टिन, पिन' म्हणून दाखवत बसली आणि मनात हसत होती. मी आवाज चढवून विचारलं, मग मला का सांगितलं नाही?

ती शांत होती. शांत म्हणजे अगदी, दवाखान्यात सिस्टर लोक असतात तशी. म्हणाली, "सर, मी तुम्हाला किती वेळा सांगितलं, मी नूलची. तुम्ही अजून संकेश्वरचीच म्हणता. कोल्हापुरात मला कानडी म्हणतात, बेळगावला मावशीकडं गेले की मराठीण म्हणतात. तुमचं म्हणणं काय मी मनाला लावून घेतलं न्हाय. पण मी सांगितलेलं तुम्ही ऐकलं असतं, असं मला वाटलं न्हाय."

मी म्हटलं, "उद्या सराव. वेळेवर या." आणि दिवे बंद केले. पोरगी जिन्यात असतानाच बंद केले, ते बरोबर झालं न्हाय.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

आज सराव झाला. नवीन उच्चार रद्द. पण माझे जुने ब्रिटिश तरी कसे सोडायचे, म्हणून मी पाट्या तयार केल्यात. जाड पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत: 'हळू', 'हसा', 'ओठ गोल', 'र गिळा'. मुलाखत माझ्याच क्लासमधून द्यायची, हिथलं नेट चांगलं हाय. मी लॅपटॉपच्या मागं उभा राहणार आणि पाट्या दाखवणार. समोरून कोण का बोलेना, दोन वाक्यांत गाव ओळखून मी पाटी धरणार. लढाईला सेनापती पायजेच.

सुष्मिता पाट्यांकडं बघत राहिली आणि "बरं सर" म्हणाली. भरमाप्पांचा फोन आला, देवाला अभिषेक घातलाय. मी म्हटलं, काळजी करू नका. लॅपटॉपचा पडदा आणि मागची भिंत दोन्ही पुसून घेतली.

बुधवार, १२ फेब्रुवारी

झालं. कसं झालं ते लिहितो, आणि खरं लिहितो.

चारला मुलाखत सुरू झाली. पडद्यावर एक पिकल्या केसांची बाई, मोराग नाव. तिनं तोंड उघडलं आणि मला एक शब्द कळला न्हाय. एक बी न्हाय! पहिली दोन वाक्यं गेली, चार गेली. सूर वर जातो, खाली येतो, 'र' तर असा घोळवते की रिक्षा सुरू होतीय असं वाटावं. आठ वर्षं फोनवर काढलेला माणूस मी, घामानं निथळलो. शेवटी ठरवलं की ही बाई जर्मन हाय. कोऱ्या पुठ्ठ्यावर घाईनं लिहिलं, 'जर्मन आहे. हळू.' आणि उंच धरलं.

सुष्मितानं पाटी वाचली. मग त्या बाईला म्हणाली, माफ करा, हिथं उजेड कमी आहे. लॅपटॉप उचलला आणि बाकाच्या पार दुसऱ्या टोकाला भिंतीला पाठ लावून बसली. तिच्या आणि माझ्या मधी कपाट आलं. मी हातात पाटी घेऊन तसाच. हलावं तर आवाज होणार. तिनं मुद्दामच केलं ते, उजेडाला काय झालं न्हवतं.

मग मला फक्त ऐकू येत होतं. बाईनं काहीतरी लांबलचक विचारलं. सुष्मिता म्हणाली, सॉरी मॅडम, मला निम्मं कळलं, पुन्हा सांगाल का? बाईनं पुन्हा सांगितलं. मग सुष्मिता बोलायला लागली. आपल्या इंग्रजीत. म्हणजे तिच्या. एकेक शब्द भाकरी थापल्यासारखा गोल आणि स्पष्ट, कानडी हेल जसाच्या तसा. म्हणाली, आमच्या वॉर्डात मलकापूरकडची माणसं येतात, कोकणातनं वर येतात, सीमेकडची कानडी बोलणारी येतात. सगळ्यांचं सगळं मला कळतं असं न्हाय. कळलं नाही तर मी खुर्ची घेऊन बसते, गाव विचारते आणि पुन्हा सांगायला लावते. औषधाचं काम आहे, अंदाजानं चालत नाही.

आणि मग ह्या पोरीनं काय करावं? त्या बाईलाच विचारलं, मॅडम, तुमचं गाव कुठलं?

संपलं, म्हटलं. मुलाखत घेणाऱ्या माणसाला गाव विचारतात व्हय? मी पाटी खाली ठेवून तिथंच फरशीवर बसलो.

बाई हसली. लई हसली, आणि मग बोलतच सुटली. दहाएक मिनिटं दोघी काय काय बोलत होत्या, बोटी, पाऊस, मेंढ्या असं काहीतरी. सुष्मिता मधी मधी थांबवून पुन्हा विचारत होती.

संपल्यावर मी विचारलं, "कुठल्या देशाची होती?" सुष्मिता म्हणाली, "शेटलँड. स्कॉटलंडच्या वर बेटं हाईत तिथली. एडिंबरोत दुकानात गेलं की तिला नॉर्वेची समजतात म्हणे. लोक आधी ठरवतात, मग विचारतात, असं म्हणत होती."

मी म्हटलं, जर्मनच्या जवळपासच की. ती हसली. पण तिची पर्स उचलताना दोनदा खाली पडली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा मला ती पोरगी भेदरलेली दिसली. मी पाण्याची बाटली दिली.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

काही कळलं न्हाय. बोर्डाचे नट बघून ठेवले, गंजलेत. तेल सोडलं. दिलेला शब्द दिलेला. अनुजाला म्हटलं, क्लास बंद झाला तर काय करू? ती म्हणाली, म्हशी घ्या, सल्ला द्यायला ग्रॅहम हायच. ह्या बाईला कधी काय बोलावं ते कळत न्हाय.

झालं न्हाय तर पोरीचं काय होईल हे मी कालपासून लिहायचं टाळतोय. आजबी टाळतो.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

निवड झाली! निवड झाली! सकाळी क्लासमधी होतो, सुष्मिताचा फोन. "सर, झालं," एवढंच म्हणाली आणि पुढं रडणं. मागनं तिची आई कानडीत काय काय बोलत होती, सगळं घर फोनवर आलंतं. मी फोन लाऊडवर टाकला आणि अख्ख्या बॅचनं बाकं वाजवली. दातांचे डॉक्टर वर आले, त्यांना बी पेढा दिला.

मी पहिल्या दिवशीच सांगितलंतं. उगं म्हणतो काय मी? आता लोक म्हणतील, ती आपल्याच वळणानं बोलली, तुम्ही काय केलं? पण शिस्त कुणी लावली? वेळेवर यायचं कुणी शिकवलं? आणि ते कपाट माझंच होतं.

भरमाप्पांनी २ मार्चला नूलला सत्कार ठेवलाय. सहकुटुंब यायचं म्हणालेत. ग्रॅहमला बी बोलवलंय.

रविवार, २ मार्च

नूलहून आत्ता आलोय. अनुजा झोपा म्हणतीय, पण हे लिहिल्याशिवाय झोप लागणार न्हाय.

संकेश्वर ओलांडून गेलो. दोन्ही गावांत चांगलं अंतर हाय, आणि मधी राज्य बदलतंय, संकेश्वर कर्नाटकात, नूल महाराष्ट्रात. हे मी नकाशावर कधी बघितलं न्हवतं.

भरमाप्पांच्या दारात मांडव, माईक, सगळी भावकी, शेजारपाजार. ग्रॅहमला पोरांनी वेढा घातलेला. कुणी त्याला ऑस्ट्रेलिया म्हणायच्या आधीच सुष्मिता सगळ्यांना सांगत होती, न्यूझीलंड, टिमारू, नीट म्हणा. मोरागबाईचं पत्र आलंय म्हणाली, एप्रिलमधी निघायचं.

मला खुर्चीवर बसवून फेटा बांधायला एक जण आला. मागनं कुणीतरी म्हणालं, "जरा सैल बांध रं, पुण्याची माणसं हाईत, सवय नसती." मी ऐकून घेतलं. मग एक बाई अनुजाला विचारून गेली, "सरांसाठी बिनतिखटाचं ताट बाजूला काढलंय, चालंल न्हवं?" बिनतिखटाचं! मला! अनुजा नुसती माझ्या तोंडाकडं बघत राहिली.

मग भरमाप्पा माईकवर आले. साधा माणूस. म्हणाले, "आमच्या पोरीसाठी ह्या सरांनी आपला बोर्ड पणाला लावला. पुण्याचा एवढा मोठा माणूस, आपलं गाव सोडून हिकडं आपल्यासाठी आला, आपल्या बोलण्याला हसला न्हाय, त्यांचे उपकार फिटायचे न्हाईत." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी संकेश्वरी वळण विसरा म्हणत होतो, ते सुष्मितानं घरात सांगितलंच नसणार. ती खालमानेनं बसलेली.

मी उठलो. नेहमीसारखी सुरुवात केली. "व्यासपीठावरील मान्यवर आणि उपस्थित बंधू-भगिनींनो, आजच्या या हृद्य सोहळ्यात…" आणि मागनं एक म्हातारं शेजारच्याला सांगतंय, चांगलं मोठ्यानं, "बघ, पुण्याचं पाणी. कसं तोलून मापून बोलतंय."

काय झालं ते मला बी कळलं न्हाय. हातातला माईक घट्ट धरला आणि ओरडलो, "कुणाला पुण्याचं म्हणता वो? कोल्हापूरचा हाय मी! कसबा बावड्याचा! माझा बाप साखर कारखान्यावर ऊस उतरवत होता, मी तिथल्या मातीत लोळलोय! पुण्याचा न्हाय मी! आणि ते ताट माघारी न्या, मला तिखट पायजे!"

स्पीकर कुईं करून वाजला. सगळा मांडव माझ्याकडं बघतोय. फेट्याचं टोक सुटून खांद्यावर आलं. माझा स्वतःचा आवाज, असा मोकळा, चारचौघात कधी ऐकला होता ते आठवंना. पुण्यात गेलो त्याच्या आधी कधीतरी असणार.

पुढच्या रांगेत सुष्मिताची आई बसलेली, शांतव्वा. तिला मराठी जेमतेम येतं. तिनं पोरीला कानडीत विचारलं, हे काय म्हणत्यात? सुष्मितानं सांगितलं. बाई उठली, मांडवातनं सरळ माझ्यासमोर आली, माझ्या दोन्ही गालांवरनं हात फिरवून आपल्या कानशिलावर बोटं मोडली आणि म्हणाली, "मग आपलंच की हे पोरगं."

रडू आलं, सरळ सांगतो. एवढ्या माणसांत फेट्याच्या टोकानं डोळे पुसत उभा राहिलो, आणि कुणी हसलं न्हाय. मग भरमाप्पांनी हाताला धरून पंगतीत आपल्या शेजारी बसवलं आणि वाढणाऱ्याला ओरडून सांगितलं, "बावड्याचं पावणं हाईत, ठेचा आण."